मुंगसाची सेवा जोडून मिळणेबाबत

भिवंडीच्या सांस्कृतिक जीवनात मनोहर गुप्ते यांनी मिळवलेलं स्थान कोणालाही हलवता येणार नाही. हे स्थान म्हणजे आमच्या वाचनालयातली खिडकीजवळची लाकडी खुर्ची. तिचा मागचा डावा पाय फरशीतल्या एका खळग्यात नेमका बसला होता. तो तिथून काढला तर खुर्ची आणि गुप्ते दोघंही आडवे झाले असते. मी तिथला ग्रंथपाल. नवी खुर्ची घेण्याचा प्रस्ताव मी एकदा मांडला होता. गुप्त्यांनी तो वाचला, त्यातल्या दोन चुका दाखवल्या आणि त्याच खुर्चीत बसून परत केला.

गुप्त्यांनी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आस्थापनेचं टेबल सांभाळलं. कोण कधी नोकरीला लागला, कुठून कुठे बदलून गेला, कोणाची मधली वर्षं कोणत्या खात्यात धरायची, हे त्या टेबलावर ठरतं. गुप्त्यांचा हातखंडा होता सेवा जोडण्यात. एखाद्या शिपायाने तीन वर्षं एका खात्यात काढलेली असत, बावीस दुसऱ्यात, आणि मध्ये आठ दिवसांची फट. ती फट नियमाने बुजवून सेवा अखंड करून द्यावी ती गुप्त्यांनी. निवृत्तीनंतरही लोक जुनी सेवापुस्तकं घेऊन त्यांच्या दाराशी येत. गुप्ते चष्मा वर करून म्हणत, "ठेवून जा." त्यांच्या भाषेत 'बघतो' म्हणजे नाही आणि 'ठेवून जा' म्हणजे बघतो. हे कळायला नवख्या माणसाला दोन-तीन फेऱ्या लागत.

मात्र एक गोष्ट सांगायला हवी. या चौतीस वर्षांत गुप्त्यांनी एकही निर्णय घेतला नाही. ते टिपणी लिहीत. नियम, उपनियम, आधीची उदाहरणं, सगळं निळ्या शाईत मांडत आणि शेवटी लिहीत : 'निर्णयार्थ सादर.' वर कोणीतरी साहेब हिरव्या शाईत 'मान्य' असं खरडे. साहेब बदलत राहिले, हिरवी शाई तीच राहिली. गुप्त्यांना याचं वैषम्य नव्हतं. "निर्णय कोणीही घेतो हो," ते म्हणत. "सादर करायला अक्कल लागते."

अशा माणसाच्या हाती त्यांच्या मुलीने एक खेळ सोपवला. सोपवला म्हणजे, ती लग्न होऊन परदेशी गेली आणि कपाटात तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं नि चित्रविचित्र पाशांची पुरचुंडी ठेवून गेली. कॉलेजची पाच वर्षं पोरीने नक्की कशात घालवली, याची चौकशी करावी म्हणून गुप्त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं. दोन महिन्यांनी तिन्ही पुस्तकं काखेत मारून ते वाचनालयात आले. चेहऱ्यावर तेज होतं.

"असा नियमसंग्रह मी उभ्या जन्मात पाहिला नाही," ते म्हणाले. "एका कलमाला दुसरं कलम छेद देत नाही. आणि परिपत्रक एकसुद्धा नाही!"

खेळ असा : टेबलाभोवती चौघंपाचजण बसतात. एकजण खेळ चालवतो, तो त्या कल्पित मुलुखाचा देव, हवामानखातं आणि पोलीसपाटील. बाकीचे एकेक पात्र होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी रानोमाळ भटकणारा फिरस्ता. पात्र काय करतं ते तोंडाने सांगायचं आणि जमलं की नाही ते पासा ठरवतो. अनुभव साठला की पात्र आपल्या पेशात एकेक पायरी चढतं. वाटलं तर अर्ध्यात दुसरा पेशाही धरता येतो. एवढंच. मोठी माणसं यात वर्षानुवर्षं कशी रमतात ते मी तेव्हा गुप्त्यांना विचारलं होतं. पुढे मीही साडेतीन वर्षं रमलो.

आम्ही खेळायचो शुक्रवारी दुपारी. शुक्रवारी भिवंडीत वीज नसते आणि लूम बंद असतात. बाकीचे सहा दिवस शहर खडखडत असतं आणि आम्ही एकमेकांशी ओरडून बोलतो. शुक्रवारी तो खडखडाट थांबतो, तरी ओरडण्याची सवय राहते. मग कोणीतरी "हळू, हळू" म्हणतं आणि सगळे ओशाळतात. वाचनालय त्या दिवशी बंद. खिडकीतला उजेड सहापर्यंत पुरायचा.

गुप्ते खेळ चालवत. मी एक भाट झालो होतो. त्याच्याबद्दल फार बोलू नये इतका तो किरकोळ होता. दुसऱ्या सुनीता भोईर. त्या खारबावच्या, सरकारी दवाखान्यात नर्स. वाचनालयाच्या सगळ्यात जुन्या सभासद आणि एकमेव अशा, की ज्यांना गुप्त्यांची भीती वाटत नसे. त्या झाल्या होत्या रानातली पुजारीण. पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत तेवढंच. अशा पुजारणीला नियमाने एक जनावर मिळतं, जन्माच्या सोबतीचं. भोईरबाईंनी अस्वल घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं जावई.

"का हो, जावई का?" मी विचारलं.

"खातंय लय, काम करतंय कमी, आन् रागवायची सोय न्हाय," भोईरबाई म्हणाल्या.

तिसरा इकबाल. हा निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात लूमचा मेकॅनिक. गाव आझमगडकडचं, भिवंडीत पंधरा-सोळा वर्षं. शुक्रवारची नमाज झाली की उर्दू पेपर चाळायला तो वाचनालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसे. कारण वाचनालय बंद असलं तरी पेपर आम्ही बाहेरच्या बाकावर ठेवत असू. एकदा आतून वीस तोंडांचा पासा घरंगळत त्याच्या पायाशी गेला. त्याने तो उचलला, उजेडात धरला, प्रत्येक बाजूवरून नख फिरवलं.

"साहब, ये किस मशीन पे कटता है?"

गुप्त्यांना याचं उत्तर येत नव्हतं. उत्तर येत नसलेल्या प्रश्नाचा ते फार आदर करत. "आत या," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात इकबालने स्वतः एक पासा घडवून आणला. लूमवर धोट्याला ठोकणारा नायलॉनचा तुकडा असतो, त्याला पिकर म्हणतात. झिजलेल्या पिकरमधून त्याने कानशीने वीस तोंडं घासून काढली होती. पासा देखणा होता. गुप्त्यांनी तो दोनशे वेळा फेकला, प्रत्येक फेक रकान्यात लिहिली आणि निष्कर्ष काढला की पासा चौदाकडे झुकतो.

"चौदा अच्छा नंबर है, साहब," इकबाल म्हणाला.

"प्रश्न चांगल्या-वाईटाचा नाही. पासा निःपक्षपाती पाहिजे."

"तुमी तरी तसं कुठं होता?" भोईरबाई म्हणाल्या. "माज्या अस्वलाला मागच्या महिन्यात बिनपगारी केलंत!"

हे खरं होतं. पोलिओच्या डोसांच्या कामामुळे बाई तीन शुक्रवार आल्या नव्हत्या. चौथ्या शुक्रवारी गुप्त्यांनी जाहीर केलं की पुजारीण तेवढे दिवस गावी गेली होती असं मानता येईल. परंतु अस्वलाने रजेचा अर्ज दिलेला नसल्याने ते अनधिकृत गैरहजर आहे, सबब त्या काळात त्याची वाढ धरता येणार नाही.

"अवो, अस्वल अर्ज कसा देईल?"

"तुमच्यामार्फत."

"मी हितं नव्हतेच!"

"तीच तर अडचण आहे," गुप्ते शांतपणे म्हणाले. भोईरबाईंनी तिथल्या तिथे वहीचं पान फाडून अर्ज लिहिला आणि खाली शाईच्या पॅडवर तळहात दाबून अस्वलाचा पंजा उमटवला. गुप्त्यांनी तो फाइलला लावला. रजा मंजूर झाली. गुप्त्यांनी ती थट्टा समजून मंजूर केली की अर्ज समजून, हे मला आजही माहीत नाही.

इकबालने फिरस्त्याचा पेशा घेतला. काही पायऱ्या चढल्यावर फिरस्त्यालाही रानातलं एक सोबती जनावर मिळतं. त्याने मुंगूस मागितलं. मादी. नाव बिजली.

"लांडगा मिळतोय," गुप्त्यांनी पुस्तकात बोट ठेवून सांगितलं. "बहिरी ससाणा मिळतोय."

"मुंगूस, साहब. गांव में हमारे आंगन में एक थी. सांप को हाथ नहीं लगाने देती थी किसी को. पहले खुद." त्याने हाताने वीतभर लांबी दाखवली. "छोटी थी. पर भागती नहीं थी."

बिजलीची आकडेवारी फारच किरकोळ होती. पण इकबालने तिचा संसार मांडला. ती कुठल्या खिशात झोपते, काय खाते, पावसात कशी चिडते, हे त्याच्याजवळ ठरलेलं असे. लूमचा मेकॅनिक दिवसभर दुसऱ्यांच्या मशिनी दुरुस्त करतो. दर शुक्रवारी तीन तास त्याच्याजवळ स्वतःचं असं काहीतरी असे, आणि ते दोन वर्षं जिवंत राहिलं होतं. हे तो बोलला नाही. पण खेळ सुरू होताना तो शर्टाच्या खिशावर हलकेच एकदा हात ठेवी.

मग इकबालने दुसरा पेशा धरला. जादूगाराचा. आणि प्रकरण तिथून सुरू झालं.

झालं असं. जादूगारालाही एक जनावर मिळतं. ते त्याच्या मंत्राशी बांधलेलं असतं. गुप्त्यांनी दोन्हीसाठी मराठी शब्द केले होते : फिरस्त्याचा तो रानसोबती, जादूगाराचा तो मंत्रसोबती. दोघांची खाती वेगळी. रानसोबत्याची ताकद रानातल्या पायऱ्यांवर, त्याही फिरस्त्याच्या निम्म्याच धरायच्या. मंत्रसोबत्याची ताकद जादूच्या पायऱ्यांवर. दुहेरी पेशावाल्या माणसाचे त्यामुळे हाल. अनुभव दोन घरांत वाटला जातो आणि दोन्ही जनावरं अर्धपोटी राहतात. जावई एकाच खात्यात राहिलेल्या बाईचा, म्हणून चांगला धष्टपुष्ट. बिजली मात्र जिथल्या तिथे.

"आता तुम्हाला दुसरं जनावर घेता येईल," गुप्ते म्हणाले. "घुबड घ्या. मांजर घ्या."

"दूसरा नहीं, साहब. बिजली को ही दोनो बना दो."

"दोन पदांवर एक?"

"हां. जंगल का भी वही, मंतर का भी वही. और मेरी दोनो नौकरी जोड के उसको ताकत दे दो."

गुप्त्यांसमोर आयुष्यभर जी मागणी येत होती तीच आली होती. फक्त या वेळी मुंगसाकडून.

घाई होती त्याला कारणही होतं. आमची टोळी एका पडक्या किल्ल्याच्या बारवेपाशी पोचली होती आणि आत एक अजगराएवढा विषारी साप असल्याचं सगळ्यांना कळलं होतं. सापाशी लढाई आणि मुंगूस खिशात, हे इकबालला मान्य होणं शक्य नव्हतं. आणि आहे त्या ताकदीवर बिजली एका दंशाची होती. नियम असा, की मंत्रसोबती मेला तर त्याच्या धन्याला वर्ष आणि एक दिवस दुसरा घेता येत नाही. इकबालला ते वर्ष नको होतं आणि दुसरा तर नकोच होता.

गुप्त्यांनी तिन्ही पुस्तकं पालथी घातली. दोन जादूचे पेशे असतील तर त्यांच्या पायऱ्या एकत्र धरता येतात. रानातले दोन पेशे असतील तर त्यांच्याही. पण एक रानातला आणि एक जादूचा, यांना जोडणारं कलम नव्हतं. तसं करू नये असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी सांगितलं, "नियम मौन आहे."

"मग करा की," भोईरबाई म्हणाल्या.

"नियम मौन असेल तर वर विचारावं लागतं."

"वर कुठं?"

गुप्त्यांनी पुस्तकाचं आतलं पान उघडलं. तिथे अमेरिकेतला एक पत्ता छापलेला होता.

पत्राचा मसुदा करायला दोन शुक्रवार गेले. इंग्रजी माझं, बाकी सगळं त्यांचं. विषय, संदर्भ, मुद्दे एक ते सात आणि शेवटी, मार्गदर्शन व्हावे ही विनंती. सोबत बिजलीचा तक्ता, दोन्ही पेशांच्या पायऱ्यांचा गोषवारा आणि पूर्वीची उदाहरणं. उदाहरणं कसली, तर त्यांच्या कचेरीतली तीन सेवाजोड प्रकरणं, नावं गाळून. मी म्हटलं, हे अमेरिकेत कळणार नाही. ते म्हणाले, "सेवा सगळीकडे सेवाच असते."

सायबर कॅफेतून विचारू, उत्तर दोन दिवसांत येईल, असं मी सुचवलं.

"स्क्रीनवर सही असते का?"

"नसते."

"मग ते उत्तर नव्हे. ती अफवा."

पत्र विमानाच्या टपालाने गेलं आणि गुप्त्यांनी फाइलवर लिहिलं : प्रलंबित. प्रलंबित प्रकरणात लढाई करता येत नाही. त्यामुळे आमची टोळी बारवेच्या तोंडाशी मुक्काम ठोकून बसली. आम्ही तिथे पाच महिने होतो. त्या काळात आम्ही जवळच्या गावाचा पूल बांधला, विहिरीच्या पाण्यावरून चाललेलं एक भांडण मिटवलं, आणि भोईरबाईंनी गावातल्या सात बायकांची बाळंतपणं केली. पासे न फेकताच. "याला पासा कशाला?" त्या म्हणाल्या. "हे मना येतंय." आत साप वाट पाहत होता. गुप्त्यांनी सापालाही त्या काळात बाहेर येऊ दिलं नाही. दोन्ही पक्षांना स्थगिती लागू होती.

इकबालने एकदाही घाई केली नाही. फाइल जिवंत तोवर बिजली जिवंत, हे त्याला आमच्याआधी कळलं असावं. त्याच्या कारखान्याचं काही धड नव्हतं. निजामपुऱ्यात एकेक शेड बंद होत होती, जुने लूम हातोड्याने फोडून भंगारात जात होते. इकबालला मालकाने तेही काम सांगितलं. पंधरा वर्षं जे चालते ठेवले ते लूम त्यानेच खोलून द्यायचे. एका शुक्रवारी तो आला तेव्हा त्याच्या हाताला ग्रीसऐवजी गंज लागलेला होता. भोईरबाईंनी विचारलं, "काय रं, आज गप?"

"कुछ नहीं, दीदी. आज छे खोले." मग खिशावर हात ठेवून म्हणाला, "चलो, पुल का काम किधर तक आया?"

पाच महिन्यांनी उत्तर आलं. एक पातळ पाकीट, आत एक कागद, त्यावर तीन ओळी आणि एक हसरी सही. मी वाचून दाखवलं. तुमच्या पत्राबद्दल आभार, इतकं सविस्तर पत्र आम्हाला क्वचितच येतं. तुमच्या टेबलावर निर्णय खेळ चालवणाऱ्याचा, म्हणजे तुमचाच. मजा करा.

गुप्त्यांनी कागद हातात घेतला. उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

"'मजा करा' हे काय उत्तर झालं?"

"त्यांची पद्धत असेल," मी म्हटलं.

"म्हणजे वर कोणी नाही?"

"न्हाय, साहेब," भोईरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "वर कोन न्हाय. तुमीच."

चौतीस वर्षं सादर केलेल्या माणसाला ही बातमी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मिळावी, हे मला जरा क्रूर वाटलं. गुप्त्यांनी कागद फाइलला लावला, फाइलची नाडी बांधली आणि त्या दिवशी खेळ झाला नाही.

पुढच्या शुक्रवारी फाइल आली तेव्हा तिच्यात चार पानी टिपणी होती. निळ्या शाईत, दोन्ही बाजू तोलून मांडलेल्या, शेवटी 'निर्णयार्थ सादर'. खाली जागा कोरी. गुप्ते त्या कोऱ्या जागेकडे पाहत बसले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तिथे शिसपेन्सिलीने दोन शब्द उमटले होते : 'चर्चा करावी.' साहेब लोक हे लिहितात तेव्हा कारकुनाने आत जाऊन उभं राहायचं असतं. गुप्ते कोणाकडे जाऊन उभे राहणार होते कोण जाणे. भोईरबाईंनी विचारलंच, "झाली का चर्चा?"

"सुरू आहे."

"कोन जिकतंय?"

गुप्ते हसले नाहीत. "नियमात नाही ते द्यायचं, तर उद्या कोणीही मागेल. आणि नाही द्यायचं, तर कशाच्या आधारावर? मला नाही म्हणायलाही कलम सापडत नाही." मग खिडकीकडे बघत : "साहेब लोक सही करून घरी जेवायला कसे जायचे, याचं मला आता आश्चर्य वाटतं."

तेव्हा इकबालने सांगितलं. शेवटचा लूम बुधवारी फुटला. त्याच्या मेहुण्याने सुरतेला काम बघितलंय. पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळी तो निघणार. "मतलब अगला जुम्मा आखरी है," तो म्हणाला. "साहब, जो भी होगा, कर दो. 'नहीं' होगा तो 'नहीं' लिखो. पर लटका के मत जाने दो. मैं वैसे भी अंदर जाऊंगा उसको लेके."

शेवटच्या शुक्रवारी गुप्ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशात नवं पेन होतं. हिरवं. त्याचं टोपण घट्ट होतं, ते काढायला इकबालला द्यावं लागलं. मेकॅनिकने अंगठ्याने एक पीळ दिला आणि पेन आदबीने परत केलं. गुप्त्यांनी आधी रद्दी कागदावर दोन रेघा ओढून शाई तपासली. मग आदेश लिहिला. चार ओळी होत्या, त्यांना वीस मिनिटं लागली. लिहून झाल्यावर त्यांनी उभं राहून वाचला. इकबाल यांच्या पात्राची फिरस्ता व जादूगार या दोन्ही पेशांतील सेवा, बिजली हिच्यापुरती जोडून धरण्यास मान्यता देण्यात येत आहे. सदर बाब पूर्वोदाहरण म्हणून धरण्यात येऊ नये. सही.

त्यातलं 'मान्यता' एवढंच समजून इकबाल उभा राहिला. काय करावं त्याला कळेना, म्हणून त्याने गुप्त्यांशी हात मिळवला. भोईरबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच म्हणाल्या, "चला आता, त्या सापाला किती दिस उपाशी ठेवाल?"

आम्ही बारवेत उतरलो. साप आमच्या अपेक्षेपेक्षा मोठा होता, पाच महिने त्यालाही वाढायला मिळाले होते. माझा भाट पहिल्याच झटक्यात भिंतीवर आदळून गप्प पडला. तो बेशुद्ध, मी प्रेक्षक. बिजली इकबालच्या खिशातून निघाली आणि थेट समोर गेली. त्याने पासा टाकला, हुकला. सापाची पाळी आली. गुप्त्यांनी पासा टाकला. दंश लागला. दंशाचे एकोणीस. बिजलीची जुनी ताकद अकरा होती. आता, जोडलेल्या सेवेसकट, सत्तावीस.

"बची!" इकबाल ओरडला. शुक्रवार असून कोणी "हळू" म्हटलं नाही.

"थांबा," गुप्ते म्हणाले.

ते आदेशाकडे बघत होते. शेवटची ओळ त्यांनी वाचून दाखवलीच नव्हती, कारण अशी ओळ कोणी वाचत नाही, ती हात आपोआप लिहितो. त्यांनी ती आता वाचली. 'सदर आदेश पुढील महिन्याच्या एक तारखेपासून अंमलात येतील.'

त्या दिवशी तेवीस तारीख होती.

चौतीस वर्षांत त्या हाताने शेकडो आदेशांचे मसुदे केले होते आणि प्रत्येकाखाली ती ओळ होती. इकबाल एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला हिंदीत सांगितलं. त्याने मान हलवली. "मतलब आज की तारीख में ग्यारह," तो हळू म्हणाला. त्याने वाद घातला नाही. त्याने आपल्या तक्त्यावरची पेन्सिल उचलली आणि सत्तावीसवर आडवी रेघ मारायला टेकवली.

"काही खोडू नका," गुप्ते म्हणाले.

त्यांनी कोरा कागद ओढला. शुद्धिपत्रक असं वर लिहिलं. 'पुढील महिन्याच्या एक तारखेपासून' ऐवजी 'तात्काळ' असे वाचावे. टिपणी नाही, मुद्दे नाहीत, सादर नाही. हिरव्या शाईत एक ओळ आणि सही. हे सगळं अर्ध्या मिनिटात. शाई वाळायच्या आत त्यांनी कागद टेबलावर सरकवला.

"आठ उरले," ते म्हणाले. "तुमची पाळी."

इकबालने पासा टाकला. हुकला. त्यानंतरच्या तिन्ही फेऱ्यांत त्याचा पासा हुकला. साप शेवटी जावयाने मारला, तोही त्याच्यावर बसून. बिजलीने त्या लढाईत सापाला एक ओरखडासुद्धा काढला नाही. इकबाल इतका खूश होता की त्याने सापाची दोनदा चौकशी केली, खरंच मेला ना.

निघताना त्याने आदेश मागितला. गुप्ते म्हणाले, मूळ कागद दप्तरी राहतो. त्यांनी दोन्हींची नक्कल करून दिली, तीही हिरव्या शाईत, आणि 'प्रत मिळाली' म्हणून त्याची सही घेतली. त्याने नक्कल चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

तो गेल्यावर खेळ आपसूक बंद पडला. दोघांची टोळी होत नाही. गुप्ते शुक्रवारी येऊन खिडकीत बसत, पण पुस्तकं आणत नसत. हिरवं पेन मी पुन्हा पाहिलं नाही. भोईरबाईंची वज्रेश्वरीकडे बदली झाली. जाताना त्या अस्वलाचा रजेचा अर्ज आठवण म्हणून मागून घेऊन गेल्या. तो मात्र गुप्त्यांनी मूळ दिला.

दोन-तीन वर्षांनी गुप्ते मुलीकडे जायला निघाले, कायमचे. मी त्यांना निरोप द्यायला रस्त्यावर उभा होतो. सामान आधीच गेलं होतं. रिक्षात ते एकटे बसले होते, मांडीवर कापडी पिशवी, पाय जुळवलेले, कचेरीत बाकावर बसल्यासारखे. आजूबाजूला लूमचा खडखडाट होता, त्यामुळे आम्ही ओरडून बोलत होतो.

"इकबालचं काही कळलं?"

कळलं होतं. त्याच आठवड्यात त्याचा फोन आला होता. सुरतेला त्याने कारखान्यातली चार माणसं जमवून खेळ सुरू केला होता. चालवत तोच होता. मी गुप्त्यांना सांगितलं, की तिकडे आता प्रत्येकाला दोन पेशांची सेवा जोडून मिळते. कोणी मागितली की इकबाल खिशातून आदेश काढतो, टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, गुप्ते साहब का ऑर्डर है. एकाने तर तीन पेशे जोडून घेतलेत आणि त्याच्याकडे घोड्याएवढी घोरपड आहे.

गुप्त्यांनी चष्मा वर केला.

"त्या आदेशात स्पष्ट लिहिलंय. पूर्वोदाहरण म्हणून धरण्यात येऊ नये."

"लिहिलंय."

"दुसरी ओळ आहे ती. त्याने वाचली नाही?"

रिक्षावाल्याने किक मारली. गुप्त्यांनी बाहेर डोकं काढून उत्तराची वाट पाहिली, आणि रिक्षा नाक्यावरून वळली.

आदेश मराठीत होता. इकबालला उर्दूखेरीज काहीही वाचता येत नाही.